नळपाणी योजनेची पूर्वपाहणी

नळपाणी योजनेचा आराखडा काढण्याआधी गावाला पाणी नेमके कुठे आणि कशामुळे कमी पडते, हे मोजून ठरवण्याच्या कामाला पूर्वपाहणी म्हणतात. उद्भव (विहीर, विंधन विहीर, झरा किंवा धरण), ऊर्ध्ववाहिनी (उद्भवातून टाकीत पाणी चढवणारी नळी), उंच टाकी, वितरण वाहिन्या आणि घरचा नळ अशी पाण्याची साखळी असते. टंचाई यातल्या एखाद्याच कडीत असते, पण ग्रामसभेत मागणी येते ती बहुधा ‘नवी टाकी बांधून द्या’ अशी. ती टंचाईवर सुचवलेला उपाय असते आणि उपायावरून दुखणे ओळखता येत नाही.

म्हणून जुनी योजना असेल तर आधी तिची तपासणी होते. पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याबरोबर सगळे व्हॉल्व्ह चालत पाहावेत. कोणती आळी किती वेळ भरते आणि कोणता व्हॉल्व्ह कधीच पूर्ण उघडत नाही, हे त्याला पाठ असते. पाणी भरणाऱ्या बायकांना मात्र पाणी सुटण्याच्या वेळीच, नळाशी जाऊन विचारावे. दुपारी चावडीवर बोलावून मिळणारी माहिती अपुरी असते. गळती रात्री मोजतात. टाकीत येणारे पाणी आणि गावातले सर्व नळ बंद करायचे, वितरणाचा व्हॉल्व्ह उघडा ठेवायचा आणि टाकीतली पातळी दर तासाला टिपायची. ५ मीटर व्यासाच्या गोल टाकीत पातळी तासाला १० सेंटिमीटर उतरली, तर सुमारे १,९६० लिटर पाणी जमिनीत जात आहे. नंतर व्हॉल्व्ह बंद करूनही पातळी उतरत राहिली, तर टाकीच गळते आहे. अशा गावात नव्या टाकीने टंचाई हटत नाही.

गरजेचा हिशेब लोकसंख्येवरून होतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई रोज ५५ लिटरचे प्रमाण धरले. पुढची लोकसंख्या कोणत्या पद्धतीने काढली, यावर आकडा बराच हलतो. समजा एका गावाची लोकसंख्या २००१ मध्ये २,००० आणि २०११ मध्ये २,४०० होती. दर दशकाला ४०० माणसे वाढतील असे धरले, तर २०५५ मध्ये ४,१६० होतात. दर दशकाला २० टक्के वाढ धरली, तर सुमारे ५,३५० होतात. रोजची गरज पहिल्या हिशेबाने २.२९ लाख आणि दुसऱ्याने २.९४ लाख लिटर, त्यावर गळतीची तूट वेगळी. गाव शहरालगतचे आहे की ऊसतोडीला स्थलांतर करणारे, हे पाहूनच पद्धत निवडावी. गावठाणाबाहेरच्या वाड्यावस्त्या आणि जनावरांचे पाणीही हिशेबात घ्यावे, ते हमखास सुटते.

सर्वाधिक चुका उद्भवाच्या मोजणीत होतात. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पाणी मुख्यतः झिजलेल्या आणि भेगाळलेल्या थरांत साठते. त्याखालच्या अखंड खडकात ते फारसे मिळत नाही. पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेली विहीर काहीच सिद्ध करत नाही. उपसा चाचणी (विहीर उपसून ती किती वेगाने पुन्हा भरते हे मोजणे) एप्रिल-मेमध्ये घ्यावी आणि तीही शेजारचे शेतीपंप चालू असताना. विहिरीचा व्यास ६ मीटर आहे असे धरू. उपसून पातळी ३ मीटर खाली नेली आणि पहिल्या तासात ती अर्धा मीटर चढली, म्हणजे तासाला सुमारे १४,००० लिटर. हाच वेग २४ तास धरला तर रोजचे ३.४ लाख लिटर होतात आणि योजना कागदावर बसते. पण पाणी वर चढते तसा बाहेरच्या भूजलपातळीशी असलेला फरक घटतो आणि भराव मंदावतो. पूर्ण ३ मीटर भरायला २० तास लागले, तर खरा आकडा दिवसाला एक लाख लिटरच्या आसपास येतो. २०११ च्या लोकसंख्येलाही रोज १.३२ लाख लिटर लागत होते, तेवढेही इथे नाही. दुसरा उद्भव सापडेपर्यंत अशा गावाच्या टाकीचे नकाशे काढू नयेत. झऱ्याची मोजणी सोपी असते : २० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, तर दिवसाला ४३,२०० लिटर. कोकणात धो धो पाऊस पडूनही उतारावरच्या जांभ्यातून पाणी लवकर निघून जाते, म्हणून तिथली मोजणीही मेमध्येच करावी.

पाण्याचा नमुना पंप काही वेळ चालवल्यानंतर घेतात, नाहीतर नळीत साचलेलेच पाणी तपासले जाते. जिवाणू चाचणीसाठी बाटली निर्जंतुक हवी आणि नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचायला हवा. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. फ्लोराइडची इष्ट मर्यादा १ मिलिग्रॅम आहे, पर्यायी स्रोत नसेल तर १.५. यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांत फ्लोराइडची तपासणी टाळणे अक्षम्य आहे. उकिरड्यालगतच्या विहिरीत नायट्रेट वाढते. पावसाळ्याआधी आणि नंतर असे दोन नमुने घ्यावेत.

वीज किती तास मिळते, हे वेळापत्रकावरून धरू नये. पंप चालू असताना तिन्ही फेजचा दाब मोजावा. २.२९ लाख लिटर ८ तासांत चढवायचे तर सेकंदाला जवळपास ८ लिटरचा पंप लागतो, १६ तास वीज असेल तर ४ लिटरचा पुरतो.

उंचीसाठी मोबाइलमधला आकडा निरुपयोगी आहे, त्यात कित्येक मीटरची चूक असते. लेव्हल यंत्राने सर्वांत उंचावरच्या घराची पातळी घ्यावी. एकमजली घरांच्या नळाशी किमान ७ मीटर दाब (७ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा) उरायला हवा, म्हणून टाकीचा तळ त्या पातळीपेक्षा ७ मीटर अधिक वाहिनीतील घर्षणतूट (नळीच्या घर्षणामुळे घटणारा दाब) एवढा उंच ठेवतात. व्यवहारात मात्र टाकी जिथे फुकट जागा मिळेल तिथे बांधली जाते आणि टेकाडावरची वस्ती कोरडी राहते. योग्य जागा आधी ठरवून तिचे बक्षीसपत्र नोंदवून घ्यावे. नोंद होईपर्यंत टाकीची उंची आणि वाहिन्यांचे व्यास पक्के करू नयेत, कारण जागा बदलली की दोन्ही बदलतात.