खलनायक सुटला, तर हिशेब कोणाच्या नावावर?

भाऊबीज आटोपली आणि धानाची कापणी हातावेगळी होऊ लागली, की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतल्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे इथल्या नाटक मंडळ्यांचे ठाणे आहे. मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, किंवा शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्ताने गावात मंडप पडतो, रात्री उशिरा नाटकाला सुरुवात होते आणि शेवटचा पडदा पडतो तेव्हा पूर्वेकडे उजाडत आलेले असते. हाडे गोठवणाऱ्या थंडीत, अंगावर चादर लपेटून, मांडीवर झोपलेले पोर सांभाळत माणसे एवढा वेळ बसतात ती गाण्यांसाठी आणि विनोदासाठी बसतात हे खरेच आहे. पण शेवटच्या अंकात कोणी उठत नाही, त्याचे कारण निराळे असते. अंक दोनमध्ये ज्या सावकाराने विधवेचे शेत लाटलेले असते, त्याचे काय होते हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज मंडपातून पाय निघत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रयोगात लेखकाने सावकाराला मोकळे सोडले. वास्तवाचे दर्शन घडवण्याचा त्याचा हेतू प्रामाणिक असावा आणि नटांची कामेही उत्तम झाली होती. तरीही परतताना बैलगाडीमागून चालणाऱ्या घोळक्यात नाटकाबद्दल कौतुकाचा शब्द नव्हता. “अर्धंच नाटक दाखवलं ना जी,” असे एक म्हातारबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, जणू तिकिटाचे निम्मे पैसे त्यांना कोणीतरी देणे लागत होते. मुळात ना ते शेत खरे होते, ना तो सावकार. मग ही फसवणूक झाल्याची भावना आली कुठून?

या प्रश्नाला हात घालणारा एक प्रयोग जर्मनीतल्या लाइपझिग शहरात झाला आणि त्याचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची मांडणी एखाद्या नाटकासारखीच होती. चार ते सहा वर्षांच्या मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवण्यात आला. एक बाहुली मुलाचे आवडते खेळणे परत द्यायची, तर दुसरी ते घेऊन ठेवायची. पुढे तिसरी बाहुली येऊन काठीने मारू लागायची, कधी चांगल्या बाहुलीला, कधी वाईट बाहुलीला, आणि मार खाणारी बाहुली पडद्याआड गेली की पुढचे दृश्य पाहण्यासाठी मुलांना स्वतःजवळची नाणी मोजावी लागत. या नाण्यांवर एरवी त्यांना चिकटचित्रे मिळणार होती, म्हणजे मुलांच्या हिशेबात तो खरा खर्च होता. चांगल्या बाहुलीला मार बसत असताना सहा वर्षांची मुले सहसा नाणे खर्च करत नसत. वाईट बाहुलीचा मार पाहण्यासाठी मात्र ती ते आनंदाने देत. चार आणि पाच वर्षांच्या मुलांत हा फरक ठळक दिसला नाही. याच संशोधकांनी तिथल्या प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींपुढेही असाच देखावा उभा केला. खाऊ देणारा एक माणूस आणि खाऊ काढून घेणारा दुसरा, असे दोघे त्यांच्यापुढे होते. खाऊ हिसकावणाऱ्याला होणारी शिक्षा नजरेआड गेली, तेव्हा ती पाहता यावी म्हणून चिंपांझींनी जड दार ढकलण्याचे कष्ट घेतले. मंडपातल्या तिकिटाचा अर्थ यामुळे थोडा उलगडतो. शिक्षा होणे पुरेसे नसते, ती होताना दिसावीही लागते, आणि त्यासाठी पदरचे मोजायची तयारी असते.

ही ओढ जन्मतःच असते का, याविषयी मात्र जपून बोलायला हवे. चढ चढणाऱ्याला मदत करणाऱ्या आकृतीकडे सहा आणि दहा महिन्यांची बाळे अधिक झुकतात, असे 2007 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसले होते. पुढे अनेक प्रयोगशाळांनी मिळून एक हजारावर बाळांसह तोच प्रयोग केला, तेव्हा तसा कल आढळला नाही. शिक्षेचे माप मात्र वयाबरोबर बदलते, याला एक जुना आणि रंजक पुरावा आहे. डॉल्फ झिलमन आणि जेनिंग्ज ब्रायंट यांनी 1975 मध्ये मुलांना एका परीकथेचे तीन शेवट दाखवले. एकात दुष्ट राजपुत्राला नाममात्र शिक्षा, दुसऱ्यात अपराधाच्या तोलामोलाची आणि तिसऱ्यात अपराधापेक्षा कितीतरी जबर. चार वर्षांच्या मुलांना शिक्षा जितकी जबर तितकी गोष्ट अधिक आवडली. सात-आठ वर्षांच्या मुलांना मात्र तोलामोलाचा शेवट सर्वांत भावला. कमी शिक्षेने जसा रसभंग होतो, तसा जास्त शिक्षेनेही होतो, ही समज दरम्यानच्या तीन-चार वर्षांत आलेली होती.

मोठ्यांच्या मेंदूत या वेळी काय घडते, हे झुरिच विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये पाहिले. दोन अनोळखी माणसे पैशांचा एक खेळ खेळत. एकाने विश्वासाने दुसऱ्याच्या हाती रक्कम सोपवायची, दुसऱ्याने वाढलेल्या रकमेतला वाटा परत करायचा किंवा सगळीच गिळायची. फसवल्या गेलेल्या माणसाला स्वतःचे पैसे खर्च करून त्या लबाडाला दंड करण्याची मुभा होती, आणि हा निर्णय घेताना त्याच्या मेंदूचे चित्रण केले जाई. दंड करताना मेंदूच्या आतल्या भागातील, बक्षिसाच्या अपेक्षेशी निगडित असलेले केंद्र जागे होताना दिसले, आणि ज्यांच्यात ते अधिक जागे झाले ते दंडासाठी अधिक पैसे मोजायलाही तयार होते. थोडक्यात, न्याय होताना पाहण्याची गोडी ही मेंदूच्या दृष्टीने काहीशी भुकेसारखी आहे. खलनायक निसटला की ताट वाढून समोरून उचलून नेल्यासारखे होते. शिवाय उत्कंठेने वाढलेली छातीची धडधड दृश्य संपताक्षणी उतरत नाही; ती शिल्लक राहते आणि पाठोपाठ येणाऱ्या भावनेला जोर देते. शेवट सुखाचा असेल तर सुटकेचा आनंद दुणावतो, नसेल तर तीच शिल्लक चडफडाट होऊन घरापर्यंत सोबत येते.

ही चडफड चित्रपटांवर देखरेख ठेवणाऱ्यांना फार पूर्वीच धोक्याची वाटली होती. अमेरिकेतल्या चित्रपट उद्योगाने 1930 मध्ये स्वतःसाठी एक आचारसंहिता लिहिली, 1934 पासून ती कडकपणे लागू केली आणि 1968 पर्यंत ती टिकली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असे काही दाखवायचे नाही, हे तिचे मुख्य सूत्र होते. त्यापायी 1956 च्या ‘द बॅड सीड’ या चित्रपटाची मोठी गंमत झाली. मूळ कादंबरीत आणि नाटकात खून करणारी आठ वर्षांची मुलगी शेवटी जिवंत आणि मोकळी राहते. चित्रपटात तिच्यावर चक्क वीज पाडण्यात आली. (नावाचा शब्दशः अर्थ ‘खराब बियाणे’ असा होतो. आपल्याकडे अशा बियाण्यावर वीज पडल्याचे अजून ऐकिवात नाही.) आल्फ्रेड हिचकॉक यांनी या बंधनाची आपल्या दूरचित्रवाणी मालिकेत खास पद्धतीने थट्टा केली. नवऱ्याला मेंढीच्या गोठलेल्या तंगडीने मारून तीच तंगडी शिजवून पोलिसांना वाढणारी बायको गोष्टीत सुटते. मग हिचकॉक स्वतः पडद्यावर येऊन गंभीर चेहऱ्याने सांगतात, की पुढे दुसऱ्या नवऱ्यावर हाच प्रयोग करताना ती पकडली गेली, कारण तो विसराळू गृहस्थ फ्रीजरचे बटण लावायला विसरला होता आणि मांस मऊच राहिले होते. आपल्याकडच्या ‘शोले’ची अडचण उलट्या बाजूने आली. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला पायांखाली तुडवून ठार मारतो. आणीबाणीच्या काळात, 1975 मध्ये, सेन्सॉर मंडळाला हे रुचले नाही आणि ऐन वेळी पोलीस आणून गब्बरला त्यांच्या हवाली करावे लागले. कायद्याच्या नजरेने तो शेवट निर्दोष होता, पण झिलमन यांच्या मोजपट्टीवर माप कमी पडले होते.

तरीही काही चित्रपटांत खलनायक सुटावा असे आपल्यालाच वाटते, आणि त्याचे कारण आपल्या नीतीपेक्षा कॅमेऱ्याच्या जागेत अधिक असते. हिचकॉक यांच्याच 1960 च्या ‘सायको’मध्ये खुनाचा पुरावा असलेली मोटार दलदलीत ढकलली जाते. ती बुडू लागते आणि मध्येच थांबते. त्या क्षणी प्रेक्षकाचा श्वास अडकतो, आणि तो अडकतो मोटार बुडावी म्हणून! पुरावा नष्ट करणाऱ्याच्या डोळ्यांनी आपण पाहत असतो, तोच काळजीने पाहत असतो, आणि त्याची काळजी नकळत आपली होऊन बसते. ज्याच्या शेजारी आपल्याला बसवले जाते त्याचे भले आपण चिंतू लागतो, हा धागा पुढे पुन्हा लागणार आहे.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. खलनायकाला पडद्यावर शिक्षा झाली नाही, तर मनातला हिशेब तसाच उघडा राहतो का? मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाच्या मते नाही. जग न्याय्य आहे, ज्याचे त्याला मिळते, या समजुतीवर माणसाचा रोजचा व्यवहार उभा असतो. ती समजूत नसेल तर आज पेरून चार महिन्यांनी कापण्याची उमेद कोणी धरणार नाही. ही समजूत वाचवण्यासाठी मन काय करते, हे लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स यांनी 1966 मध्ये दाखवले. चुकीच्या उत्तराला विजेचे धक्के बसणारी एक तरुणी विद्यार्थिनींना दाखवण्यात आली. धक्के अर्थातच खोटे होते आणि तरुणी अभिनय करत होती. तिचे धक्के थांबवून तिला भरपाई देण्याची संधी ज्यांना मिळाली, त्यांच्यापैकी बहुतेकींनी ती घेतली. मात्र ज्यांना हे धक्के पुढेही चालू राहणार असे सांगितले गेले आणि ज्यांच्या हाती काहीच नव्हते, त्यांचे त्या तरुणीविषयीचे मत खाली घसरले. ती त्यांना कमी आकर्षक, कमी आदरास पात्र वाटू लागली. त्याहून विलक्षण म्हणजे, इतर मुलींचे नुकसान होऊ नये म्हणून ती स्वतःहून धक्के सोसायला तयार झाली असे ज्यांना दाखवले गेले, त्यांनी तिला सर्वांत खालची जागा दिली. अन्याय पुसता येत नसेल, तर ज्याच्यावर तो झाला त्यालाच थोडे दोषी ठरवले, की जग पुन्हा न्याय्य दिसू लागते.

कॅनडातल्या कॅरोलिन हेफर यांनी 2000 मध्ये हेच अधिक बारकाईने तपासले. गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसाची चित्रफीत दाखवून काहींना गुन्हेगार पकडले गेल्याचे आणि काहींना ते सुटल्याचे सांगण्यात आले. पुढे निरनिराळ्या रंगांत चमकणाऱ्या शब्दांचा फक्त रंग ओळखायचा होता. गुन्हेगार सुटल्याचे ऐकलेली माणसे न्यायाशी संबंधित शब्दांपाशी अडखळली. रंग सांगायचा सोडून त्यांचे लक्ष अर्थाकडे ओढले जात होते. त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात असे आढळले, की ज्यांचे मन या शब्दांत जास्त गुंतते ते बळी पडलेल्या माणसापासून स्वतःला अधिक दूर करतात आणि त्याला अधिक नावे ठेवतात. म्हणजे दोष देणारा निर्विकार असतो असे नाही. न्यायाची टोचणी त्यालाच अधिक लागलेली असते.

हे वाचताना गावातल्या गोष्टी आठवल्याशिवाय राहत नाहीत. बोगस बियाणे विकणारा सापडत नाही, आणि उगवण न झालेल्या शेताच्या धुऱ्यावर उभे राहून शेजारीपाजारी म्हणतात, “पानी याच्या आंधी पेरलंच काहून यानं?” ‘सैराट’ 2016 च्या एप्रिलअखेर आला तेव्हा आमच्याकडे तेंदूपत्त्याचे, म्हणजे विडीची पाने तोडण्याचे दिवस होते, आणि पुडे बांधत बसलेल्या बायांमध्ये त्या चित्रपटाचीच चर्चा असे. चित्रपटात आर्ची आणि परश्या मारले जातात आणि मारणाऱ्यांना शिक्षा झालेली आपल्याला दिसत नाही. त्या चर्चेत मारणाऱ्या भावाबद्दल दोन-चार शिव्या होत्या, आणि मग, “पोरीनंबी मायबापाचं नाव घालवलंच ना,” हे वाक्य एकीच्या तोंडून आले तेव्हा दोघी-तिघींनी माना डोलावल्या. त्या बाया कठोर नव्हत्या. चित्रपट पाहून घरी येऊन रडल्याचे त्यांनीच सांगितले होते.

लर्नर यांचा परिणाम अटळ मात्र नाही. ॲडरमन, ब्रेम आणि कॅट्झ यांनी 1974 मध्ये तशीच चित्रफीत दाखवताना काहींना एवढेच सांगितले, की धक्के बसणाऱ्या त्या तरुणीच्या जागी आपण स्वतः आहोत अशी कल्पना करा. त्यांनी तिची निंदा केली नाही. दृष्टिकोनाची जागा हलली आणि हिशेब बळीच्या नावावर चढला नाही. ‘सायको’तला कॅमेरा गुन्ह्यावर पांघरूण घालणाऱ्याशेजारी बसवतो; ‘सैराट’चा शेवटचा तुकडा याच्या नेमका उलट वागतो. आवाज बंद होतो, आईवडील रक्तात पडलेले असतात, आणि शेजारीण सोडून गेलेले पोर त्या रक्तातून चालत, पाऊलखुणा उमटवत, रडत बाहेर येते. आपण त्या पोराच्या उंचीवर असतो.

तेंदूच्या पुड्यांभोवती बसलेल्या त्या बायांपैकी सर्वांत म्हातारीने बराच वेळ तोंड उघडले नव्हते. पोरीच्या चुकीवर सगळ्यांचे एकमत होत आले, तेव्हा तिने हातातला पुडा खाली ठेवला आणि विचारले, “थे सारं खरं बाई, पन त्या लेकराले मंग कोनं उचललं?”