लघुक्षेत्र सेंद्रिय शेतीतील हातअवजारे

रासायनिक तणनाशके व कृत्रिम खते वर्ज्य करून परसबागेपासून एक-दोन हेक्टरांपर्यंतच्या क्षेत्रावर केल्या जाणाऱ्या शेतीतील, माणसाच्या बळावर चालणारी अवजारे. खुरपे, विळा, कुदळ, फावडे व दाताळे ही सर्वपरिचित अवजारे येथेही नेहमीप्रमाणेच वापरली जातात. या शेतीला विशेष वळण दिले ते ओळीत बी टाकणारे हातपेरणी यंत्र, ओळींमधले तण कापणारे चाकाचे हातकोळपे आणि माती न उलटता सैल करणारा रुंद काटा या तिघांनी. पहिल्या दोहोंचा इतिहास सेंद्रिय शेतीच्या चळवळीपेक्षा पुष्कळ जुना आहे. ही चळवळ साधारणपणे 1920 ते 1940 या दशकांत आकाराला आली.

उगम : कोळपणी ही ओळीतल्या पेरणीवर अवलंबून असते. फोकून पेरलेल्या शेतात कोळपे चालत नाही. त्यामुळे कोळप्याच्या उगमाचा प्रश्न पेरणी अवजाराच्या उगमाशी जोडलेला आहे आणि त्याबाबत मतभेद आहेत. मेसोपोटेमियातील प्राचीन मुद्रांवर नांगराला जोडलेली बी सोडण्याची नळी दिसते. चीनमध्ये एकापेक्षा अधिक नळ्यांचे पेरणी अवजार इ. स. पू. पहिल्या शतकाच्या सुमारास प्रचारात आले असावे. त्याचे श्रेय परंपरेने जाव गुओ या अधिकाऱ्याला दिले जाते. यूरोपात इंग्लंडमधील जेथ्रो टल याने 1701 च्या सुमारास पेरणी यंत्र बनवले आणि 1731 पासून प्रसिद्ध केलेल्या लेखनातून घोड्याने ओढायच्या कोळप्याचा पुरस्कार केला. त्याआधी सोळाव्या-सतराव्या शतकांत इटलीतही असे प्रयत्न झाले होते. यूरोपीय यंत्रांना पूर्वेकडील अवजारांच्या वृत्तांतांतून चालना मिळाली, असे काही अभ्यासक मानतात. तथापि दोन्हींतील बी सोडण्याच्या रचना बऱ्याच भिन्न आहेत. त्यामुळे स्वतंत्र उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. भारतातील अनेक फणांची पाभर या वादात फारशी विचारात घेतली जात नाही, हे योग्य नव्हे. अठराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतातील कॅप्टन हॅल्कॉट या ब्रिटिश अधिकाऱ्याने तिची तपशीलवार नोंद केली. ओळीत पेरणी ही आधुनिक यूरोपची युक्ती आहे, हा आपला समज ती पाहून बदलल्याचेही त्याने लिहिले आहे.

टलची उपपत्ती मात्र चुकीची होती. वनस्पती मातीचे बारीक कणच अन्न म्हणून घेतात, म्हणून माती जितकी बारीक करावी तितके खत कमी लागते, असे तो मानी. दक्षिण फ्रान्समधील द्राक्षमळे शेणखताशिवाय केवळ मशागतीवर पोसलेले पाहून त्याची ही धारणा पक्की झाली. खताला दुय्यम लेखणाऱ्या या लेखकाचे कोळपे पुढे कंपोस्टावर उभ्या राहिलेल्या शेतीचे मुख्य अवजार ठरले.

हातकोळपे : माणसाने ढकलायच्या कोळप्याला कारखानदारी रूप मिळाले ते अमेरिकेत. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल ॲलनने 1860 च्या दशकाच्या अखेरीपासून बनवलेली 'प्लॅनेट' मालिकेतील पेरणी यंत्रे व कोळपी यांत प्रमुख होती. मोठ्या चाकाचे आणि लहान चाकाचे असे याचे दोन प्रकार. मोठे चाक ढेकळांवरून सहज जाते. पण त्याचा आस उंच असल्याने हाताच्या जोराचा बराच भाग चाक जमिनीत दाबण्यात खर्ची पडतो. लहान चाकात जोराची रेषा पात्याच्या जवळून जाते, त्यामुळे पाते समपातळीत राहते आणि रोपाच्या अगदी कडेने नेता येते. भाजीपाल्याच्या अरुंद वाफ्यांत दुसरा प्रकार सरस ठरतो.

पाते जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरच चालले पाहिजे. त्याहून खोल गेल्यास गाडलेले तणाचे बी उजेडात येऊन नव्याने रुजते. तण मातीखाली पांढऱ्या धाग्यासारखे असतानाच, वाफसा आल्यावर आणि ऊन असताना कोळपावे. त्यावेळी मुळे उघडी पडून काही तासांत वाळतात. तण चार पानांवर आले की तेच काम अनेक पटींनी जड होते आणि अखेर खुरपणीवर येते. जाणकार शेतकरी म्हणूनच तण दिसण्याआधी कोळपतो. दोन्ही बाजूंना धार असलेले, मागेपुढे झुलणारे रिकिबीच्या आकाराचे पाते ढकलताना व ओढताना दोन्ही वेळा कापते. पात्याला दर काही तासांनी कानस फिरवावी लागते. बोथट पाते तण कापत नाही, नुसते वाकवते.

रुंद काटा : दोन उभे दांडे, त्यांना जोडणारा आडवा गज आणि त्याखाली साधारण 25-30 सेंमी. लांबीचे चार-पाच दाते. गजावर पाय देऊन दाते जमिनीत घालायचे, मग दोन्ही दांडे स्वतःकडे ओढायचे. माती उचलली जाऊन भेगाळते, पण थर उलटत नाहीत. फ्रान्समधील आंद्रे ग्रेलँ याने 1960 च्या दशकात बनवलेला काटा त्याच्याच नावावरून 'ग्रेलिनेत' म्हणून प्रसिद्ध झाला. याउलट ॲलन चॅडविक या इंग्रज बागकामतज्ज्ञाच्या प्रभावाखालील बागाईतदार फावड्याच्या दोन पात्यांइतक्या खोलीपर्यंत माती खणत. खोल खणण्याने निचरा सुधारतो, हे खरे. परंतु थर उलटल्याने गांडुळांची बिळे मोडतात आणि सेंद्रिय द्रव्याचे विघटन वेगाने होते. काट्याकडे वाढलेला कल यामुळेच आहे. चिकण व ओल्या जमिनीत मात्र काटा घालू नये. दात्यांच्या बाजूची माती लिंपली जाऊन घट्ट होते.

पुनर्लागण : कागदी साखळीतील रोपे एका ओढीत लावणारे जपानी अवजार मुळात शर्कराकंदासाठी होते. कागदातील कृत्रिम चिकटद्रव्यांमुळे ते सेंद्रिय प्रमाणीकरणात बसते की नाही, यावर अमेरिकेत बरीच वर्षे चर्चा झाली. पुढे असा कागद अटींसह मान्य करण्यात आला.

दांड्याची लांबी : कॅलिफोर्नियात आखूड दांड्याच्या कुदळीने दिवसभर वाकून काम करणाऱ्या मजुरांच्या पाठी कायमच्या दुखावत. न्यायालयीन लढ्यानंतर 1975 मध्ये तिच्यावर बंदी आली. पुढे 2004 मध्ये तेथे वाकून हाताने तण काढण्यावरही निर्बंध घातले गेले, मात्र सेंद्रिय उत्पादकांना त्यांतून सूट मिळाली. तणनाशक न वापरण्याचा भार अशा प्रकारे मजुराच्या पाठीवर राहतो. लांब दांड्याची, उभ्याने चालवायची कोळपी याच कारणासाठी निवडली जातात. दांडा उभ्या माणसाच्या खांद्याच्या वर, शक्यतो नाकाच्या उंचीपर्यंत यावा.