कधी सुटतो, कधी अडतो : एअर पिस्तुलाच्या ट्रिगरचा लपंडाव

१० मीटर एअर पिस्तुलाच्या पात्रता फेरीत ७५ मिनिटांत ६० छरे मारायचे असतात. पंचवीस-तीस बिनबोभाट जातात, आणि मग एकदा ट्रिगर पार मागे टेकतो तरी छरा सुटत नाही. पुन्हा कॉक करून दाबला की सुटतो. पुढचे वीसही सुटतात. मोडलेला भाग निदान डोळ्यांना दिसतो; अधूनमधून रुसणारा ट्रिगर कारागिराच्या टेबलावर मात्र हटकून शहाण्यासारखा वागतो. ऐन सामन्यात पिस्तूल अडलं की काय होतं, ते टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली दिसलं. मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुणांवर ती बाराव्या स्थानी राहिली. अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.

तपासणीची सुरुवात कानाने करायची. नळीत छरा नाही याची खात्री करून, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून ट्रिगर दाबा. व्हॉल्व्हवर आपटून हवा सोडणारा हॅमर पडल्याचा ‘टक्’ आला पण हवा फुसकी सुटली, तर ट्रिगर निर्दोष आहे. सिलिंडरमधला दाब आणि व्हॉल्व्ह बघा. ‘टक्’ आलाच नाही, तर दोष ट्रिगरच्या साखळीत आहे. आणि बोट लागायच्या आतच हॅमर घसरत असेल, तर त्याला धरून ठेवणाऱ्या सिअरची पकड अपुरी आहे. तिथे नेमबाजी लगेच थांबवायची, ‘बघू पुढच्या वेळी’ नाही.

सिअर म्हणजे हॅमरला अडवून धरणारी खिट्टी. ती हॅमरच्या खाचेत मिलिमीटरच्या काही दशांशाएवढीच बसलेली असते. ट्रिगर दाबला की ती सरकते, धार सुटते आणि हॅमर पडतो. त्यानंतर ट्रिगर आणखी मागे जाऊ नये, म्हणून मागे थांब्याचा स्क्रू असतो. अधूनमधून अडणाऱ्या यांत्रिक ट्रिगरमध्ये पहिला संशय याच स्क्रूवर घ्यावा. सुटल्यानंतर ट्रिगर जराही हलू नये म्हणून नेमबाज तो आत आत घेत जातात, आणि एका टप्प्यावर सिअरची धार सुटायला आणि ट्रिगर थांब्याला टेकायला एकच गाठ पडते. मग मधे केसाएवढा कचरा आला तरी खेळ अडतो.

उन्हाळ्याची दुपार आणि एसीतलं रेंज यांत २० अंशांचा फरक धरा. ५० मिलिमीटर लांबीचा पोलादी भाग तेवढ्यात सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतो, ॲल्युमिनियमचा ०.०२३. फरक नगण्य वाटतो, पण उंबरठ्यावर बसलेल्या स्क्रूला तो पुरतो. थंडीत घट्ट होणारं वंगण आणि त्यात कालवलेली धूळ तर याहून जास्त त्रास देतात.

टेबलावर दोष न सापडण्याचं कारणही इथेच आहे. तपासणारा ट्रिगर पटकन, जोरात ओढतो. त्या हिसक्याने ट्रिगरचं पातं, म्हणजे बोट टेकतं तो भाग, किंचित लवतं, सिअरला वेग मिळतो आणि ती पार होते. सामन्यात बोट सावकाश दाबतं, आणि नेमकी तेव्हाच ती धारेवर अडकते. म्हणून ड्राय फायर, म्हणजे छरा न घालता सराव, करताना तीन-चार सेकंद घेऊन दाबा; एकदा पात्याच्या मधोमध, एकदा टोकाला, एकदा किंचित तिरकं. तिरकं दाबल्यावरच अडत असेल, तर पिनेतला ढिलेपणा किंवा पात्याचा कोन तपासायचा.

स्क्रू फिरवण्याआधी त्याच्या डोक्यावर आणि शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा, म्हणजे परतीची वाट राहील. साधा एम-३ स्क्रू एका पूर्ण फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतो, म्हणजे पाव फेऱ्यात ०.१२५ मिलिमीटर. इथे तेवढं पुष्कळ झालं. थांब्याचा स्क्रू पाव फेरा बाहेर घ्या आणि पुन्हा मोजा. एका वेळी एकच बदल. दोन स्क्रू एकदम फिरवले तर सुधारणा कशामुळे झाली ते कळत नाही. सिअरची धार कानसेने ‘गुळगुळीत’ करायचा मोह आवरा. कोन बिघडला किंवा वरचा कठीण थर गेला, तर भागच बदलावा लागतो. तेलाची धारही नको. कापसाच्या काडीने जुनं वंगण पुसून उत्पादक सांगतो तेच टाचणीच्या डोक्याएवढं लावा.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात आणखी एक भानगड होते. अक्रोडाच्या लाकडाची ग्रिप दमटपणाने फुगते आणि ट्रिगरला किंवा त्याच्या दांड्याला घासते. साध्या कागदाची पट्टी लाकूड आणि ट्रिगर यांच्यामधून ओढून पाहा. ट्रिगर पूर्ण दाबलेला असतानाही ती मोकळी फिरायला हवी.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये बोट फक्त एक स्विच मिटवतं. साठवलेली वीज सोलेनॉइडला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या चुंबकाला, मिळते आणि तो हॅमर सोडतो. इथे आधी दोन सेकंदांच्या अंतराने, मग वीस सेकंदांच्या अंतराने ड्राय फायर करा. लागोपाठ केल्यावर अडतो आणि थांबून केल्यावर सुटतो, तर वीज साठायला वेळ लागतोय. बहुधा बॅटरी थकली आहे. मीटरवर ती ठणठणीत दिसेल, कारण मीटर तिच्याकडून जवळजवळ काहीच मागत नाही. आतला रोध वाढलेल्या बॅटरीचा दाब भार पडल्यावर कोसळतो.

नवी बॅटरी घातली आणि दोष गेला, तर लगेच निकाल देऊ नका. जुनी पुन्हा बसवून पाहा. तरीही दोष येत नसेल, तर बॅटरी बिचारी निरपराध होती. काढघाल करताना संपर्कपट्टीवरचा गंज खरवडला गेला, एवढंच. तो संपर्क साफ केला नाही, तर महिन्याभरात तेच दुखणं परत येतं.

दुरुस्ती झाली हे कधी मानायचं? समजा, दोष सरासरी ३० वेळांत एकदा येतो. काहीही न दुरुस्त करता सलग ३० वेळा ट्रिगर नीट चालण्याची शक्यता २९/३० चा ३०वा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के असते. तीस निर्दोष फायर पाहून हुश्श करणारे दर तिघांत एकदा फसणारच. ९० वेळा नीट चालला, तर ही शक्यता पाच टक्क्यांच्या खाली येते. ढोबळ हिशोब असा, की दोष जितक्यांत एकदा येतो त्याच्या तिप्पट वेळा तपासायचं.

स्क्रूला हात लागला असेल, तर ट्रिगरचं वजनही पुन्हा मोजावं लागतं. एअर पिस्तुलाला किमान ५०० ग्रॅम हवं. नळी उभी धरून, ट्रिगरला वजन अडकवून उचलायचं. हॅमर सुटता कामा नये. काठावर राहण्यापेक्षा दहा-पंधरा ग्रॅम जास्त ठेवलेले बरे.

मग ९० सावकाश ड्राय फायर, वहीत प्रत्येकाची खूण करत. ७१व्या वेळी अडला, तर मोजणी पुन्हा एकपासून.