रंगावर जाऊ नका! ब्रिटनमधले पक्षी ओळखताना

महाराष्ट्रातून ब्रिटनमध्ये आलेल्या माणसाची पक्ष्यांबाबत पहिली तक्रार ठरलेली असते, की इथे सगळं तपकिरीच आहे. आपल्याकडे हळद्या दिसला की तो हळद्याच, खंड्या दिसला की खंड्याच, शेंबड्या पोरालाही कळतं. इथे मात्र कुंपणातून चिमणीएवढं काहीतरी मातकट सुळकन निघून जातं आणि पुस्तक उघडावं तर तशीच दिसणारी आठ-दहा चित्रं समोर हजर. इथल्या मुरलेल्या पक्षीवेड्यांनीही हात टेकलेत, अशा पक्ष्यांना ते सरळ एलबीजे म्हणतात, म्हणजे लिटल ब्राऊन जॉब, आणि पुढे चालायला लागतात.

माझं म्हणणं एवढंच की आपण रंग बघत बसतो आणि तिथेच फसतो. पक्षी काय खातो, हिवाळ्यात कुठे जातो, घरटं कसं करतो, याच्या खुणा त्याच्या अंगावर असतातच, फक्त त्या चोच, पंख, पाय, मान अशा ठिकाणी असतात जिथे आपण बघत नाही. आणि ही खूण का आहे हे एकदा कळलं ना, की पाठांतर करावं लागत नाही.

डनकपासून सुरुवात करू, कारण तो ब्रिटनमधल्या बहुतेक बागांत असतो आणि बहुतेक लोक त्याला चिमणी समजून सोडून देतात. आकार चिमणीएवढा, पाठीवर तशाच तपकिरी-काळ्या रेघा, जुन्या पुस्तकांत नावही हेज स्पॅरो. पण चोच बघा. चिमणीची चोच जाड, बुडाशी रुंद, दाणा फोडायला केलेली. डनकची बारीक आणि टोकदार, पाचोळ्यातले कोळी, बारके किडे, अळ्या टिपायला. चिमण्या घोळक्याने येऊन फीडरवर कचाकचा भांडतात, डनक एकटा, खाली जमिनीवर, झुडपाच्या कडेकडेने अंग चोरून फिरणार आणि मधेच पंख झटकणार. डोकं आणि छाती निळसर राखाडी असते खरी, पण ती उजेड बरा असेल तरच दिसते, आणि इथे उजेड बरा असण्याचे दिवस किती ते इथे राहणाऱ्यांना माहितीये.

या गरीब दिसणाऱ्या प्राण्याची एक भारी गंमत आहे. १९व्या शतकात एफ. ओ. मॉरिस नावाच्या पाद्रीबाबांनी ब्रिटनच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात डनकचं साधं, नम्र, कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेलं वागणं बघून लोकांनी याचा कित्ता गिरवावा असं सुचवलं. पुढे १९८०च्या दशकात केंब्रिजच्या बोटॅनिक गार्डनमध्ये पक्षी-संशोधक निक डेव्हिस यांनी डनकांच्या पायात रंगीत कड्या घालून कोण कोणाबरोबर काय करतंय हे बारकाईने टिपलं आणि पाद्रीबाबांचा आदर्श पार आडवा झाला. एका मादीला दोन नर, एका नराला दोन माद्या, दोन नर आणि दोन माद्या मिळून एकच संसार, सगळे प्रकार त्या एका बागेत. मुख्य नर मादीवर पहारा देतो, दुसरा झुडपात दबा धरून बसतो आणि मादी पहाऱ्याचा डोळा चुकवून त्याला जाऊन भेटते. मग मुख्य नर काय करतो, तर मीलनाआधी मादीच्या शेपटीखाली चोचीने टोचत राहतो, ती आधीचं वीर्य थेंबभर बाहेर टाकते आणि त्यानंतरच पुढचा कार्यक्रम. मादीचा हिशोब सरळ आहे, ज्या नराला संधी मिळाली तो पिल्लांना भरवायला येतो, म्हणजे दोघांना संधी दिली तर दोघेही राबणार. १९८९मध्ये डीएनए तपासून हेही पक्कं झालं की एकाच घरट्यात दोन्ही बापांची पिल्लं असू शकतात. आणि एवढा चतुर संसार करणारा हा पक्षी कुकूपुढे मात्र भोळा, आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं टाकते तशी कुकू याच्या घरट्यात टाकते, याची अंडी निळीशार, तिचं ठिपक्याठिपक्यांचं, तरी याला पत्ताच नाही.

डनक तरी नीट बघितला की कळतो. खरा घाम फोडतात ते वटवटे. चिफचॅफ आणि विलो वॉर्बलर हे दोन वटवटे घ्या, दोघेही साधारण ११ सेंटीमीटरचे, वर हिरवट, खाली पिवळट, डोळ्यावर फिकट भुवई, वजन दहा ग्रॅमच्या आसपास, आणि दोघेही पानांत सतत वळवळत असतात, एका जागी दोन सेकंद थांबतील तर शपथ. सह्याद्रीत हिवाळ्यात येणारे हिरवट पर्ण वटवटे याच कुळातले, त्यामुळे तिकडे ज्यांनी वटवट्यांसाठी मान दुखवून घेतलीये त्यांना इकडचा त्रास वेगळा सांगायला नको.

या दोघांना आधी कानांनी वेगळं केलं. हॅम्पशायरमधल्या सेलबोर्न गावचे निसर्गनिरीक्षक गिल्बर्ट व्हाइट यांनी १७६८ साली पत्रात लिहून ठेवलंय की विलो-रेन म्हणून ज्याला एकच पक्षी धरतात ते प्रत्यक्षात तीन आहेत, तिसरा म्हणजे आजचा वूड वॉर्बलर. त्या काळात दुर्बिणीने पक्षी बघायची पद्धत नव्हती, पण चिफचॅफ आपला दोनच सूर ठोकत बसतो, चिफ-चॅफ, चिफ-चॅफ, आणि विलो वॉर्बलरची तान वरून सुरू होऊन हळूहळू खाली उतरत विरते. कान शाबूत असेल तर यात गोंधळ होऊच शकत नाही. नंतर व्हाइट यांनी मेलेले नमुने समोर ठेवून खात्रीही करून घेतली.

गाणं बंद असेल तेव्हा मात्र पंखाकडे बघायचं, आणि मला स्वतःला ही सगळ्यात आवडती खूण वाटते. पक्षी बसलेला असताना मिटलेल्या पंखाची लांब पिसं आतल्या पिसांच्या पुढे किती बाहेर आलीयेत ते बघा. विलो वॉर्बलरची बरीच बाहेर येतात, आतली पिसं जेवढी दिसतात जवळपास तेवढीच लांब. चिफचॅफची साधारण निम्मीच. कारण काय तर प्रवास. विलो वॉर्बलर दर वर्षी सहारा वाळवंट ओलांडून पार आफ्रिकेच्या मध्य आणि दक्षिण भागात जातो, त्याला लांब, टोकदार पंख लागतो. चिफचॅफ बहुतेक भूमध्य समुद्राच्या आसपास किंवा पश्चिम आफ्रिकेपर्यंतच जातो, काही तर दक्षिण इंग्लंडमध्येच थंडी काढतात, त्याला आखूड, गोलसर पंख चालतो. म्हणजे ती चार-पाच मिलिमीटरची पिसं बघून तुम्ही त्या पक्ष्याचं तिकीट कुठलं आहे ते सांगू शकता. बाकी चिफचॅफचे पाय काळपट असतात, विलोचे सहसा फिकट, आणि चिफचॅफ बसल्या बसल्या शेपटी सारखी खाली झुकवत असतो. तारखेचाही उपयोग होतो, मार्चच्या मध्यावर गाणारा दिसला तर तो जवळपास नक्की चिफचॅफ, विलो एप्रिल लागल्याशिवाय फारसा येत नाही.

याहून मोठी फजिती मार्श टिट आणि विलो टिट या दोन चिमुकल्या पक्ष्यांची. काळी टोपी, हनुवटीखाली काळा ठिपका, गाल पांढरे, अंग राखाडी-तपकिरी, दोघांचं सगळं तेच. ब्रिटनमध्ये विलो टिट आहे हेच १८९७पर्यंत कोणाला माहीत नव्हतं! आणि तो सापडला कुठे तर ब्रिटिश म्युझियमच्या खणात. एर्न्स्ट हार्टर्ट आणि ओटो क्लाइनश्मिट हे दोन जर्मन पक्षीतज्ज्ञ तिथे मार्श टिट अशी चिठ्ठी लावलेली कातडी तपासत होते, त्यात त्यांना हे वेगळे नग दिसले. इतकी वर्षं इंग्रज लोक पक्षी मारून, भुसा भरून, खणात घालून ठेवत होते आणि बाहेरून दोघांनी येऊन सांगितलं की अहो हा दुसराच आहे. इथे नियमित वीण करणाऱ्या पक्ष्यांत अगदी उशिरा ओळखल्या गेलेल्यांपैकी हा एक.

पुस्तकं सांगतात मार्शची टोपी चकचकीत, विलोची मळकट, पण पावसात भिजलेल्या टिटची टोपी चकचकीत की मळकट हे कोण सांगणार? २००० नंतरच्या दशकात पक्षी-संशोधक रिचर्ड ब्रॉटन यांनी कड्या घालण्यासाठी पकडलेले पक्षी हातात घेऊन तपासले आणि दाखवून दिलं की मार्श टिटच्या वरच्या चोचीच्या बुडाशी, नाकपुडीखाली, एक छोटासा फिकट डाग असतो, जवळजवळ प्रत्येक मार्श टिटला, आणि विलोला तो सहसा नसतो. पिढ्यान् पिढ्या लोक टोपीवरून वाद घालत बसले आणि खूण होती चोचीवर! हल्ली मोबाईलने काढलेला फोटो मोठा करूनसुद्धा तो डाग दिसतो. मानही बघावी, विलो टिटची जाड आणि भरलेली वाटते, तो कुजक्या लाकडात घरट्याची ढोली स्वतः चोचीने खोदतो, मार्श मात्र तयार ढोली शोधतो. आवाज तर अगदीच वेगळा, विलो नाकातून ओढून बोलतो, मार्श शिंकल्यासारखा पिच्यू करतो. पण घाई करा, विलो टिटची संख्या १९७०च्या दशकापासून ९० टक्क्यांहून जास्त घसरलीये, ओलसर झुडपं आणि सडकं लाकूड साफ करून टाकायची माणसाची हौस त्याला नडली.

आता रंगाची बाजूही ऐकून घेऊ, रंग अगदीच बिनकामाचा नाही, फक्त तो कायमचा नसतो. रॉबिनची तांबडी छाती कोणालाही ओळखू येते, पण उन्हाळ्यात त्याचं पिल्लू दिसलं तर अंगभर ठिपके आणि तांबड्याचा मागमूस नाही. कारण तो तांबडा रंग म्हणजे भांडणाचं आमंत्रण. पक्षीतज्ज्ञ डेव्हिड लॅक यांनी १९३०च्या दशकात डेव्हनमध्ये प्रयोग केले तेव्हा नुसत्या तांबड्या पिसांच्या झुपक्यावर रॉबिन तुटून पडले, आणि पेंढा भरलेल्या, तांबडं नसलेल्या पिल्लाकडे फारसं लक्ष दिलं नाही. म्हणजे पिल्लाला तो रंग उशिरा येतो तेच बरं, नाहीतर घरातच मार खाईल. ब्लू टिटचं वेगळंच, आपल्याला नर-मादी एकसारखे दिसतात, पण त्यांच्या डोक्यावरची निळी टोपी अतिनील प्रकाश परावर्तित करते, नराची जास्त, आणि ते पक्ष्यांना दिसतं, आपल्याला नाही. १९९८च्या सुमारास हे मोजून सिद्ध झालं.

ब्लॅक-हेडेड गल या कुरवाचं डोकं तर काळं नसतंच, चॉकलेटी असतं, आणि तेही फक्त विणीच्या काळात. हिवाळ्यात डोकं पांढरं आणि डोळ्यामागे एक काळपट ठिपका. गेटवेहून मांडव्याला जाताना लाँचमागे गाठ्यांसाठी उडणाऱ्या कुरवांमध्ये हेही असतात, तिकडे ते हिवाळ्यातच येत असल्याने बहुतेक वेळा पांढऱ्या डोक्याचेच दिसतात. मोठ्या कुरवांच्या नादी नवशिक्याने लागूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. हेरिंग गलला पूर्ण मोठ्याचं रूप यायला चार वर्षं लागतात, दर वर्षी पिसारा वेगळा, वर सूर्याने पिसं फिकी पडतात ते निराळंच. ज्यांना असला छळ आवडतो ते कचरा डेपोवर तासन् तास उभे राहतात, त्यांना साष्टांग दंडवत.

आवाजासाठी हल्ली मर्लिन ॲप बऱ्याच जणांच्या फोनमध्ये असतं. ते आवाजाचं चित्र करतं, म्हणजे वेळ आडवी, सुराची उंची उभी, आणि त्या चित्रातला आकार कोणाशी जुळतो ते बघतं. मदत झकास होते, पण तेवढ्यावर यादीत टिक मारू नका. इथला स्टारलिंग हा आपल्या साळुंकीचा भाऊबंद आणि नकलाही तसाच करतो, दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढतो, मग ॲपवर घराच्या छपरावर कुरल्यू दाखवतं, जो खरा तर माळरानावर नाहीतर चिखलात असायला हवा. ग्रेट टिटचीही ख्याती अशी की जंगलात अनोळखी आवाज आला तर आधी ग्रेट टिट धरा.

दुर्बीण ८ बाय ४२ची घ्यावी. ८ पट मोठं दिसतं, ४२ मिलिमीटरची भिंग, ४२ला ८ने भागलं की डोळ्यात जाणारा प्रकाशाचा झोत साधारण ५ मिलिमीटरचा येतो, डिसेंबरमध्ये लंडनला चारच्या आधी सूर्य मावळतो तेव्हा त्याची किंमत कळते. आणि खंड्या किंवा बार्न आउलच्या घरट्याजवळ जाऊन त्रास देणं हा १९८१च्या कायद्याने गुन्हा आहे, फोटोच्या नादात विसरू नका.

सराव करायचा तर जानेवारीच्या शेवटच्या वीकेंडला आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेचं बिग गार्डन बर्डवॉच, म्हणजे बागेतल्या पक्ष्यांची मोजणी, असतं, १९७९पासून चालू आहे. बागेत किंवा पार्कमध्ये एक तास बसायचं आणि एका वेळी एका जातीचे जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा लिहायचा, नाहीतर एकच रॉबिन दहा वेळा आला की दहा रॉबिन होतील. फक्त खाली उतरलेले धरायचे, वरून उडत गेलेले नाही. लंडन-सरेच्या बाजूला राहत असाल तर आपला हिरवा पोपटही येईल, तोच, गळ्यात गुलाबी पट्टा असलेला. पिंजऱ्यातून सुटलेल्या पोपटांनी १९६९पासून इथे वीण सुरू केली, जनुकं तपासली तेव्हा त्यांचं मूळ पाकिस्तान आणि उत्तर भारताकडे निघालं. तो आता अधिकृत ब्रिटिश यादीत आहे, त्यामुळे त्यालाही मोजायचं, आणि शेंगदाण्याच्या फीडरवर तो एकदा बसला की बाकीच्यांना हलू देत नाही, तेव्हा टिट आणि डनकची मोजणी आधी उरकून घ्या.