वसतिस्थानाची निवड : कर, शाळा आणि रस्ते (बडोदे)

राहण्याची जागा ठरवताना तिथला स्थानिक कर, मुलांची शाळा आणि दारापर्यंत येणारा रस्ता यांचा एकत्र हिशोब करण्याची रीत. अर्थशास्त्रात हा विषय स्थानिक सार्वजनिक वित्ताच्या शाखेत येतो. या नोंदीत मूळ सिद्धांत थोडक्यात दिला आहे. पुढे बडोदे (वडोदरा) शहरातील मराठी कुटुंबांत हा हिशोब प्रत्यक्षात कसा होतो ते पाहिले आहे. बडोद्यात या तिघांपैकी सर्वांत जास्त चर्चा कराची होते आणि निर्णयात सर्वांत हलका तोच ठरतो.

सिद्धांत अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स टीबो यांचा. रस्ते, शाळा, अग्निशमन अशा सार्वजनिक सेवा लोकांना नेमक्या किती हव्या आहेत हे कळण्याचा बाजारासारखा मार्ग नाही, असे पॉल सॅम्युएलसन यांनी 1954 मध्ये मांडले होते. त्यावर टीबो यांनी 1956 मध्ये उत्तर दिले की, निदान स्थानिक सेवांपुरता तसा मार्ग आहे. एका महानगराभोवती कर आणि सेवा यांची वेगवेगळी जुळणी असलेली अनेक छोटी गावे असतील, तर माणूस आपल्याला परवडेल आणि रुचेल अशा गावात जाऊन राहतो; घर बदलणे हेच त्याचे मतदान. अर्थात त्यांनी गृहीतेही मोठी धरली होती. माणूस कुठेही राहायला मोकळा, नोकरीच्या जागेचे बंधन नाही, प्रत्येक गावाची पूर्ण माहिती हाताशी. वॉलेस ओट्स यांनी 1969 मध्ये न्यू जर्सीतील 53 नगरांच्या आकडेवारीवरून दाखवले की, मालमत्ता कर जास्त असला तर घरांच्या किमती उतरतात आणि शाळांवरचा खर्च जास्त असला तर चढतात. म्हणजे कराचा बोजा आणि शाळेचा लाभ दोन्ही घराच्या किमतीत आधीच मुरलेले असतात. समजा, दोन सारख्या घरांपैकी एकाचा कर वर्षाला 5,000 रुपयांनी जास्त आहे आणि व्याजदर 8 टक्के आहे. तर बाकी सगळे सारखे असताना त्या घराची किंमत सुमारे 62,500 रुपयांनी कमी असायला हवी. कमी कर बघून घर घेणारा बहुधा ती बचत विकणाऱ्याला आधीच देऊन बसलेला असतो.

अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता करातून चालतो आणि कोणत्या शाळेत प्रवेश हे बहुतांशी पत्त्यावर ठरते. म्हणून तिथे कर, शाळा आणि घर ही एकच गाठ असते. भारतात ती सुटी आहे. शिक्षण 1976 च्या 42व्या घटनादुरुस्तीपासून समवर्ती सूचीत आहे, शिक्षकांचे पगार मुख्यतः राज्याच्या तिजोरीतून होतात आणि खासगी शाळा पत्ता विचारत असल्या तरी त्यावर अडून बसत नाहीत. रस्ते व पूल 74व्या घटनादुरुस्तीने (1992) नगरपालिकांच्या कामांच्या यादीत आले, पण त्यांचा पैसा बऱ्याच अंशी राज्याच्या अनुदानातून येतो. त्यामुळे ‘इतका वेरा (कर) भरतो आणि रस्ता असा?’ हा बडोद्यातला नित्याचा प्रश्न न्याय्य असला तरी त्यातला हिशोब पुरता जुळत नाही.

बडोद्यापुरते बोलायचे तर शाळेचा प्रश्न आधी दरबाराने हाती घेतला. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो संपूर्ण संस्थानाला लागू केला. 1881 चे बडोदा कॉलेज, 1890 चे कलाभवन आणि पुढे 1949 मध्ये स्थापन झालेले महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांमुळे शिक्षणासाठी बडोद्यात येऊन राहणारा एक वर्गच तयार झाला. दरबारी नोकरीतली मराठी घराणी दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग, बाबाजीपुरा, सलाटवाडा या भागांत वसली. शाळा, देऊळ, बाजार आणि कचेरी सगळे पायी अंतरावर होते, त्यामुळे निवडीला फारसा वाव नव्हता आणि गरजही नव्हती. स्वातंत्र्यानंतर खत कारखाना, रिफायनरी, पेट्रोरसायने आणि मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत आली, तशी पुढची पिढी सुभानपुरा, गोरवा, मांजलपूर अशा बाजूंना सरकली. फर्टिलायझरनगरसारख्या कंपनी वसाहतींत तर शाळा, रस्ता, पाणी, दिवाबत्ती सगळे कंपनीचे. तीस-पस्तीस वर्षे तिथे काढलेल्या माणसाला वेऱ्याचे बिल निवृत्तीनंतर पहिल्यांदा दिसते.

ते बिल जवळून पाहण्यासारखे असते. गुजरातच्या महापालिकांत मालमत्ता कर चटई क्षेत्रावर बसतो. चौरस मीटरच्या दराला वस्तीचा दर्जा, बांधकामाचे वय, वापर आणि घरात मालक राहतो की भाडेकरू यांचे गुणक लागतात. सामान्य करासोबत पाणी आणि ड्रेनेजचे आकार असतात. शिवाय शिक्षण उपकर. कर आणि शाळा कागदावर एकत्र येतात त्या इथेच, पण हा उपकर 1962 च्या राज्य कायद्याखालचा असून राज्यासाठी गोळा केला जातो. आपल्या गल्लीतल्या शाळेचे छप्पर त्यातून दुरुस्त होईल असे काही नसते. आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला आगाऊ भरणा केल्यास सूट मिळते आणि निवृत्त मंडळी ती सहसा सोडत नाहीत. गुजरातने 2007 मध्ये जकात बंद केली तेव्हा महापालिकांचे उत्पन्नाचे सर्वांत मोठे स्वतःचे साधन गेले आणि बदल्यात अनुदान आले. नागरिक आणि महापालिका यांच्यातला देण्याघेण्याचा धागा तेव्हापासून आणखी सैल झाला असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे.

खरी मोठी रक्कम वार्षिक करात नसते, ती दस्तावेजाच्या दिवशी जाते. गुजरातमध्ये मुद्रांक शुल्क 4.9 टक्के (3.5 टक्के मूळ आणि त्यावर 40 टक्के अधिभार) आणि नोंदणी फी 1 टक्का. 40 लाखांच्या फ्लॅटवर हे 1,96,000 आणि 40,000 रुपये होतात. घेणारी फक्त स्त्री असेल तर नोंदणी फी माफ असते, म्हणून नवी घरे आई किंवा बायकोच्या एकटीच्या नावावर घेण्याची चाल पडली आहे. तिचे श्रेय स्त्री-पुरुष समतेला देण्याआधी हे 40,000 रुपये आठवावेत. शुल्क जंत्रीच्या (सरकारने ठरवलेल्या मालमत्ता दरांच्या तक्त्याच्या) किंवा व्यवहाराच्या किमतीपैकी जी जास्त तिच्यावर लागते. 15 एप्रिल 2023 पासून राज्याने जंत्रीतले जमिनीचे दर दुप्पट केले. जिथे जंत्री बाजारभावाच्या बरीच खाली होती तिथल्या व्यवहारांचा सगळा हिशोब त्याने बदलला.

बडोद्यात टीबो यांच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे महापालिकेची हद्द. 1966 मध्ये महापालिका झाली. तिच्या बाहेरच्या पट्ट्याचे नियोजन वडोदरा शहरी विकास प्राधिकरण (वुडा) पाहते आणि तिथे कर ग्रामपंचायतीचा, म्हणजे बराच कमी. भायली, सेवासी, बिल, वेमाली या गावांत 2000 नंतर बंगले आणि उंच इमारती उठल्या त्या याच पट्ट्यात. पंचायतीचा वेरा, मोकळी हवा, पार्किंगला जागा. बदल्यात बोअरचे जड पाणी, ड्रेनेजऐवजी खाळकुवा (शोषखड्डा) आणि सोसायटीच्या फाटकाबाहेर लगेच कच्चा रस्ता. मही नदीतल्या फ्रेंच विहिरींचे किंवा आजवा तलावाचे पाणी हद्दीच्या आत येई, बाहेर नाही. सोसायटी टँकरवर जो पैसा घालवी तो कोणत्याही कराच्या तक्त्यात दिसत नसे, पण देखभालीच्या मासिक वर्गणीत चोख वसूल होई. 2020 मध्ये ही गावे आणि उंडेरा, करोडिया, वडदला महापालिकेत आली. काही गावांतून विरोधही झाला. गावातल्या जुन्या रहिवाशाला वाढता वेरा दिसत होता, नव्या फ्लॅटवाल्याला पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. ज्याने हद्दवाढीच्या अंदाजाने दहा वर्षे आधी घर घेतले, त्याला सेवांपेक्षाही वाढलेल्या किमतीचा फायदा जास्त झाला.

रस्त्याच्या बाबतीत गुजरातची नगररचना योजना, बोलीभाषेत ‘टीपी’, समजून घेतल्याशिवाय काही उलगडत नाही. 1976 च्या कायद्यानुसार एका पट्ट्यातल्या सगळ्या जमीनमालकांची शेते एकत्र धरून पुन्हा आखली जातात. प्रत्येकाला मूळ प्लॉटऐवजी आकाराने लहान पण रस्त्याला लागून असलेला अंतिम प्लॉट मिळतो. कापून घेतलेल्या जमिनीतून रस्ते (15 टक्क्यांपर्यंत), बागा (5 टक्के), शाळा-दवाखान्यांसारख्या सोयी (5 टक्के) आणि प्राधिकरणाने विकून खर्च काढायचे भूखंड (15 टक्के) निघतात. दुर्बल घटकांच्या घरांसाठी वेगळा वाटा असतो. वाढलेल्या किमतीतला हिस्साही मालकांकडून घेतला जातो. म्हणजे रस्त्याचा कर इथे रुपयांत नव्हे, जमिनीत भरला जातो, आणि तो भरून झालेला असतो तेव्हा फ्लॅट घेणारा अजून आलेलाही नसतो. योजना प्रारूप, प्राथमिक आणि अंतिम अशा टप्प्यांतून जाते. प्रारूप मंजूर झाले की रस्त्यांची जमीन ताब्यात घेता येते, पण अंतिम मंजुरीला वर्षानुवर्षे लागतात. बिल्डरच्या रंगीत नकाशात दिसणारा 18 मीटरचा रस्ता पुष्कळदा एखाद्या एरंडाच्या शेतापाशी जाऊन थांबतो. म्हणून जाणते लोक फ्लॅटचा नमुना पाहण्याआधी टीपी क्रमांक, अंतिम प्लॉटचा क्रमांक आणि योजना कोणत्या टप्प्यावर आहे ते विचारतात.

शहरांतर्गत रस्त्यांची गोष्ट रेल्वेने आणि विश्वामित्री नदीने ठरवली आहे. मुंबई–अहमदाबाद लोहमार्ग शहराचे दोन भाग करतो. पूर्वेला मांडवी-रावपुऱ्याचे जुने शहर, पश्चिमेला अलकापुरी, गोत्री, वासणा. मधले अलकापुरी गरनाळे (रुळांखालचा रस्ता) मोठ्या पावसात भरते आणि त्या दिवशी दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचे शहर दूर वाटू लागते. डिसेंबर 2022 मध्ये खुला झालेला गेंडा सर्कल ते मनीषा चौकडी हा 3.5 किलोमीटरचा उड्डाणपूल पश्चिमेच्या वस्तीला उपयोगी पडला, पण तो रेल्वे ओलांडत नाही.

शाळेच्या निवडीत अंतर खासगी वाहन पार करते. बडोद्यात ‘वर्धी’ची, म्हणजे मुलांची ने-आण करणारी रिक्षा किंवा व्हॅन ही शाळा आणि घर यांमधली खरी सार्वजनिक सेवा आहे. वर्धीवाले काका कोणत्या सोसायट्या घेतात, यावर सकाळी मूल सहाला उठणार की साडेसहाला हे ठरते. नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा, अनुदानित (‘ग्रँटेड’) शाळा आणि स्वनिर्भर (विनाअनुदानित खासगी) शाळा अशी तीन पातळ्यांची व्यवस्था आहे. स्वनिर्भर शाळांच्या फीवर 2017 च्या कायद्याने नियंत्रण समिती बसवली. प्राथमिकसाठी वर्षाला 15,000 आणि माध्यमिकसाठी 25,000 रुपये ही मर्यादा घातली; तिच्यावर फी घ्यायची तर समितीची मंजुरी लागते. शिक्षण हक्क कायद्यातल्या 25 टक्के जागांसाठी मात्र घराचे अंतर मोजले जाते, त्यामुळे पत्त्याचे महत्त्व सधनांपेक्षा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अधिक. मराठी माध्यम हा एकेकाळी दांडिया बाजार-रावपुऱ्यात राहण्याचा एक मुद्दा होता. आज बहुसंख्य मराठी घरांत वाद असतो तो इंग्रजी माध्यमात सीबीएसई की गुजरात बोर्ड एवढाच. 2023 च्या कायद्याने पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती सक्तीची झाली. घरी मराठी, सोसायटीत गुजराती, शाळेत इंग्रजी आणि हिंदी हे बडोद्याच्या मराठी मुलाला तसेही नवे नाही.

जुन्या शहरातला वाडा विकून पश्चिमेला जाताना आणखी एक कागद लागू शकतो. 1991 च्या अशांत क्षेत्र कायद्याखाली अधिसूचित भागांतली स्थावर मालमत्ता जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. बडोद्याच्या कोटातले आणि त्याबाहेरचेही काही भाग त्यात मोडतात. परवानगीला लागणारा वेळ विक्रीच्या किमतीतून वजा होतो, हे पाच भावांच्या सामायिक वाड्याच्या वाटणीत ठळकपणे समोर येते.

विश्वामित्रीच्या पुरांनी वरचा सगळा हिशोब बदलला. 31 जुलै 2019 रोजी एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस पडला. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 25 फुटांच्या धोक्याच्या पातळीच्या वर 35 फुटांपलीकडे गेली. अकोटा, समा, वडसर अशा भागांत पाणी दिवसचे दिवस राहिले आणि मगरी रस्त्यांवर दिसल्या. ज्या भागांचा कर, शाळा आणि रस्ता तिन्ही उत्तम, त्यांतले काही नदीच्या काठावरच आहेत. पूर्वी म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी तळमजला मुद्दाम शोधत. आता दलालच आधी सांगतो की 2024 ला इथे पाणी किती चढले होते, आणि भिंतीवरची रेघ रंगवून झाकली आहे का ते शेजाऱ्यांना विचारावे लागते. आजव्याचे जादा पाणी विश्वामित्रीत येते, म्हणून पावसाळ्यात त्याची पातळी किती फूट झाली यावर घरोघरी नजर असते.

टीबो यांच्या मुक्त फिरणाऱ्या माणसाशी बडोद्यात सर्वांत जास्त साम्य भाडेकरूचे आहे. 11 महिन्यांचा करार, मुद्रांक शुल्क नाममात्र, शाळा बदलली किंवा नोकरी हालोलकडे गेली की घर बदलले. वेरा त्याच्या नावावर नसतो, पण भाड्याने दिलेल्या घराचा गुणक जास्त असल्याने तो भाड्यात येतोच. बदलीवर आलेली मराठी कुटुंबे सहसा पहिली दोन-तीन वर्षे अशी काढतात, एक पावसाळा दोन ठिकाणी पाहतात आणि मुलाची पाचवी लागायच्या आत घर घेतात.