‘ताप’ नावाचा रकाना

जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांच्या नोंदीची नक्कल काढायला तहसील कचेरीत गेलेल्यांना कोतवाल बुक, म्हणजेच गाव नमुना १४, ठाऊक असते. बहुधा मोडीत लिहिलेल्या त्या ओळीत नाव, जात आणि तारखेबरोबर मृत्यूचे कारणही सापडते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीची पाने उलटली तर त्या जागी पुन्हा पुन्हा एकच शब्द भेटतो : ताप.

मुंबई इलाख्यातील साताऱ्यासारख्या जिल्ह्याचा मृत्युदर अशाच ओळींच्या बेरजेतून निघत असे. कारणांचे रकाने मोजके होते. पटकी (कॉलरा), देवी आणि प्लेग ओळखायला डॉक्टर लागत नसे. पेजेसारखे जुलाब, अंगभर फोड किंवा जांघेतली गाठ गावातल्या कोणालाही कळे. याखेरीज अंग तापून माणूस गेला, की पाटलाच्या लेखी तो ‘ताप’. त्यामुळे हिवताप, विषमज्वर (टायफॉइड), न्यूमोनिया, क्षय आणि बाळंतज्वर हे परस्परांशी संबंध नसलेले आजार एकाच रकान्यात जाऊन बसले.

दर हजारी मृत्युदर काढताना वर्षभरातील मृत्यूंना लोकसंख्येने भागतात, आणि येथे अंश व छेद दोन्ही कच्चे होते. बारशाआधीच दगावलेल्या बाळाचा जन्मही नोंदला जात नसे आणि मृत्यूही. छेदासाठी मागील जनगणनेचाच आकडा वापरला जाई. साताऱ्याची लोकसंख्या १८९१ मध्ये सव्वाबारा लाखांच्या आसपास होती. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेला प्लेग आणि १८९९-१९०० चा दुष्काळ यांनंतर, १९०१ मध्ये, ती साडेअकरा लाखांच्याही खाली आली. जुन्या, मोठ्या छेदाने भागल्यावर मृत्युदर प्रत्यक्षाहून सौम्य दिसणे ओघानेच आले. जनगणनांवरून पुढे केलेले अंदाज त्या काळचा भारतातील मृत्युदर हजारी ४० च्या वर नेतात. आज महाराष्ट्रात तो ६ च्या आसपास आहे.

प्लेगमध्ये नोंदीची आणखी एक अडचण होती. घरात उंदीर मरून पडू लागले की लोक गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहत. उंदीर मेल्यावर त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात, हे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत काम करताना मांडले, म्हणजे माळावर जाण्याचा शहाणपणा शास्त्रीयदृष्ट्याही बरोबरच होता. मात्र पांगलेल्या वस्तीतले मृत्यू वहीपर्यंत पोहोचणे अवघड होते.

इतका ढोबळ रकाना निरुपयोगीच, असे मात्र मला वाटत नाही. निदान म्हणून तो फसवा असला, तरी वर्षानुवर्षे तो एकाच सवयीने भरला जात होता. १९१८ च्या पावसाळ्याअखेर इन्फ्लुएंझाची दुसरी लाट आली. गावोगावी तिला मानमोडी म्हणत. वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसे, त्यातही स्त्रिया, काही दिवसांत जात होती. नमुन्यात इन्फ्लुएंझाचा रकाना नव्हता, म्हणून हे मृत्यूही मुख्यतः ‘ताप’ आणि ‘श्वसनाचे विकार’ यांतच पडले. तेव्हा अधिकाऱ्यांनी नेहमीच्या वर्षी या रकान्यांत जेवढे मृत्यू पडत, तेवढे वजा केले आणि उरलेला फुगवटा साथीच्या नावे मांडला. एकट्या मुंबई इलाख्यात तो आकडा दहा लाखांवर गेला. वही लिहिणारेच अंथरुणाला खिळल्याने ऑक्टोबरातल्या कित्येक नोंदी राहून गेल्या. त्या या आकड्यात नाहीत.