दुसरा काटा कधी उघडायचा?

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या गाड्या तोलायला एकच काटा चालू आहे, असं धरा. एका गाडीला सरासरी 4 मिनिटं, म्हणजे तासाला 15 गाड्या. आवक तासाला 12 असली तरी रांग लागतेच, कारण गाड्या घड्याळ लावून येत नाहीत. कधी तीन एकदम, कधी एकही नाही. सरासरी 4 गाड्या काट्यापाशी असतात, प्रत्येकीची 20 मिनिटं जातात. आवक 14 झाली की तोच वेळ 1 तास. आवक वाढली सहाव्या हिश्शाने, खोळंबा तिप्पट.

दुसऱ्या काट्याला माणूस लागतो, पैसे लागतात. म्हणून रांग ठरावीक लांबीची झाली की तो उघडायचा. बंद करायचा आकडा मात्र बराच खाली ठेवावा: 8 गाड्यांवर उघडला, तर 2 वर बंद. दोन्ही आकडे जवळजवळ ठेवले, तर काटेवाल्याची नुसती ये-जा होते.

परिस्थिती बदलली की हा नियम मोडत नाही, त्यातला आकडा तेवढा सरकतो. आणि कोणत्या बाजूला, हे गणित आधीच सांगतं. आवक वाढली तर खाली. माल थांबण्याची किंमत वाढली तरी खाली: मृग बहाराची संत्री मार्चच्या उन्हात उभी राहणं, हे डिसेंबरच्या थंडीत आंबिया बहाराचा माल उभा राहण्यासारखं नाही. काटेवाल्याला बोलावणंच महाग झालं, तर उघडण्या-मिटण्यातलं अंतर वाढतं. नेमका आकडा चुकला तर थोडं नुकसान होतं. दिशाच चुकली तर सांगायलाच नको.

चूक बहुधा वेळेची होते. सकाळी 6 ते 8 तासाला 20 गाड्या आल्या, तर एका काट्यावर 8 वाजता 10 गाड्या तुंबतात. मग आवक 12 वर येते आणि वाटतं, गर्दी सरली. पण रांग सर्वांत लांब असते ती नेमकी तेव्हाच. तासाला 3 गाड्या कमी होत ती 11 वाजून 20 मिनिटांनी संपेल. 8 वाजता दुसरा काटा उघडला, तर साधारण 33 मिनिटांत. आवकीकडे पाहून निर्णय घेणारा इथेच फसतो, कारण नियमातला 8 हा आकडा रांगेतल्या गाड्यांचा आहे.

त्यात काटेवाला पोचायला 20 मिनिटं लागत असतील, तर सकाळच्या गर्दीत तेवढ्यात आणखी दीड-दोन गाड्या वाढतात. तेव्हा फोन 6 गाड्यांवरच करायचा.